करंट परत कुठून जातो ते आधी शोध

तुझा प्रश्न नीट वाचला. इंदूरच्या रामबागेतलं जुनं तीन मजली घर, तू डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला, ओहमचा नियम पाठ आहे, गणितं सुटतात, पण घरात जे होतंय त्याचा आणि पुस्तकाचा मेळ बसत नाही. जिन्यातला एलईडी बल्ब स्विच बंद केला तरी मंद पेटलेला राहतो, बल्ब काढून होल्डरवर मल्टीमीटर लावला तर ९० व्होल्ट दाखवतो. फ्रिजच्या हँडलला ओला हात लागला की झिणझिण्या येतात. मागच्या महिन्यात एका संध्याकाळी वरच्या भाडेकरूंचा टीव्ही आणि राउटर दोन्ही गेले आणि त्याच वेळी तुमच्या खालच्या मजल्यावरचे दिवे एकदम मंद झाले होते. आणि कॉलेजच्या प्रोजेक्टमधे अर्डुइनो, म्हणजे तो छोटा प्रोग्रामचा बोर्ड, एका अडॅप्टरवर आणि रिले, म्हणजे करंटने हलणारा स्विच, दुसऱ्या अडॅप्टरवर दिला की रिले हलतच नाही, बटण न दाबता दाबल्याचं दाखवतो ते वेगळंच. तू विचारलंयस, काका, बेसिकमधे माझं नक्की काय कच्चं आहे?

अगं, हे सगळे प्रश्न एकाच जागी येऊन थांबतात. पुस्तकात सर्किट काढलेलं असतं तेव्हा चौकोन पूर्ण दिसतो, बॅटरीच्या प्लसपासून निघून मायनसला परत. घरात तो चौकोन दिसत नाही, भिंतीत एक तार येते, बोर्डावर स्विच असतो, वर बल्ब असतो, त्यामुळे आपल्याला वाटायला लागतं की करंट "येतो" आणि बल्बमधे "संपतो". माझ्याकडे रिपेअरिंग शिकायला येणाऱ्या मुलांचंही सुरुवातीला हेच होतं, फेज, म्हणजे जिवंत तार, कुठून आला ते बरोबर सांगतात, पण परत कुठून गेला असं विचारलं की गप्प. करंट कधीच संपत नाही, जितका निघाला तितकाच जिथून निघाला तिथे परत पोचावा लागतो, आणि परतीचा रस्ता नसेल तर तो निघतच नाही. पाण्याच्या टाकीचं उदाहरण सगळेच देतात, प्रेशर आणि धार समजायला ठीक आहे, पण पाइप कापला की पाणी बाहेर सांडतं, तार कापली की करंट सांडत नाही, पूर्ण रस्त्यात एकदम थांबतो. तिथे ते उदाहरण सोडून द्यायचं.

व्होल्टेज नेहमी दोन पॉइंटच्या मधलं असतं, म्हणून मीटरला दोन लीड आहेत. "या तारेत २३० व्होल्ट आहे" हे आपण बोलतो ते अर्धवट वाक्य आहे, पूर्ण वाक्य "या तारेत आणि न्यूट्रलमधे २३० व्होल्ट आहे" असं, न्यूट्रल म्हणजे परतीची तार. करंट मात्र तारेतून वाहतो, तो मोजायला मीटर रस्त्यातच मधे घालावा लागतो. आणि किती करंट वाहणार हे लावलेलं सामान ठरवतं, सप्लाय नाही. ३ अँपिअरचा चार्जर २ अँपिअरच्या फोनला लावला तर फोन जळत नाही, फोन त्याला हवे तितकेच अँपिअर घेतो, व्होल्ट मात्र जुळायला हवेत. ओहमने हे १८२७ मधे मांडलं, व्होल्टेज भागिले रेझिस्टन्स म्हणजे करंट, आणि अजून रोज माझं निम्मं काम त्यावरच चालतं.

एक गैरसमज आत्ताच काढून टाक. एक अँपिअर म्हणजे तारेच्या कुठल्याही एका जागेतून दर सेकंदाला ६२४ वर सोळा शून्यं इतके इलेक्ट्रॉन जाणं, आकडा प्रचंड, पण त्यांची चाल किती असेल? दीड स्क्वेअर मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरमधे एक अँपिअर असेल तर सेकंदाला मिलिमीटरचा साधारण विसावा भाग. मुंगी त्यांच्या पुढे निघून जाईल. आणि घरात एसी आहे, सेकंदाला ५० वेळा मागेपुढे, त्यामुळे तुझ्या वायरमधला इलेक्ट्रॉन जागच्या जागी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी हलतो. ओंकारेश्वरच्या धरणावर ५२० मेगावॅटचं केंद्र आहे, इथून पाऊणशे-ऐंशी किलोमीटर, तिथे टर्बाइन फिरतं आणि इथे राजवाड्यावर दिवे लागतात, पण तिथला इलेक्ट्रॉन इंदूरला येत नाही. स्विच दाबल्या दाबल्या दिवा लागतो कारण ढकलणारं इलेक्ट्रिक फील्ड तारेच्या बाजूने जवळपास प्रकाशाच्या वेगाने पसरतं आणि रस्त्यातले सगळे इलेक्ट्रॉन एकदमच हलायला लागतात. शिवाय गल्लीतल्या डीपीत, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमधे, ११ हजार व्होल्टचं वाइंडिंग वेगळं, तुमच्या घराकडचं वेगळं, मधे फक्त लोखंडी कोअर आणि मॅग्नेटिक फील्ड. म्हणजे तुमच्या घराचं सर्किट डीपीपासून सुरू होतं आणि डीपीलाच संपतं, एवढाच चौकोन डोळ्यासमोर ठेव.

आता तो जिन्यातला बल्ब. यात शिकायला खूप आहे म्हणून जरा सावकाश सांगतो.

जिन्याचं कनेक्शन म्हणजे खाली एक टू-वे स्विच, वर एक टू-वे स्विच, आणि दोघांच्या मधे दोन तारा शेजारी शेजारी एकाच पाइपातून गेलेल्या. बल्ब बंद असतो तेव्हा काय असतं? खालच्या स्विचने फेज या दोनपैकी एका तारेला दिलेला असतो आणि वरचा स्विच दुसऱ्या तारेला चिकटलेला असतो. म्हणजे बल्बकडे गेलेली तार फेजला कुठेच जोडलेली नाही, लोंबकळतेय, पण तिच्या अगदी अंगाला लागून दहा-बारा मीटर लांबीची जिवंत फेजची तार चाललीय. दोन कंडक्टर, मधे प्लास्टिक, हा झाला कपॅसिटर! कोणी बसवलेला नाही, वायरिंगमधून आपोआप तयार झालेला. अशा शेजारच्या वायरींमधे मीटरमागे साधारण पन्नास ते शंभर पिकोफॅरड निघतात, म्हणजे तुमच्या जिन्यात एक नॅनोफॅरडच्या आसपास धरू. ५० हर्ट्झला एक नॅनोफॅरडचा अडथळा, म्हणजे रिअॅक्टन्स, काढ बरं, एक भागिले (२ × π × फ्रीक्वेन्सी × कपॅसिटन्स), साधारण ३२ लाख ओहम येतो. २३० व्होल्ट भागिले ३२ लाख ओहम, सत्तर-बहात्तर मायक्रोअँपिअर. जुन्या फिलामेंटच्या बल्बला याचा पत्ताही लागला नसता, पण एलईडी इतका हलका लोड आहे की एवढ्याशा करंटवरही अंधारात मंद उजेड दिसतो. काही बल्ब पेटलेले राहत नाहीत, मधेच चमकून विझतात, त्यांच्या आतला कपॅसिटर हळूहळू भरतो, एकदाचा रिकामा होतो, परत भरतो, कारण तेच.

परतीचा रस्ता इथे बरोबर आहे, बल्बमधून न्यूट्रलला. जाण्याचा रस्ता फक्त तांब्याऐवजी हवेतून-प्लास्टिकमधून आहे, एसीला तो चालतो, डीसीला चालला नसता. म्हणून चौकोन शोधताना फक्त वायरींनीच शोधायचा नाही.

मग मीटरवर ९० का? डिजिटल मीटरचा स्वतःचा अडथळा साधारण एक कोटी ओहम असतो, तो जवळजवळ काहीच करंट घेत नाही, त्यामुळे लोंबकळत्या तारेवर जो काही व्होल्टेज तयार होतो तो मीटर इमानदारीने दाखवतो. ती तार फेजच्याही जवळ आहे, न्यूट्रलच्याही, ओलसर भिंतीच्याही, सगळ्यांशी तिचा थोडाथोडा कपॅसिटर, त्यांच्यात २३० ची वाटणी होऊन तुमच्याकडे ९० आले, दुसऱ्या घरात ४० येतील किंवा १५०. हा खोटा व्होल्टेज ओळखायची आमच्या कामातली रीत म्हणजे टेस्ट लॅम्प, होल्डरला दोन वायरी लावून १०० वॅटचा फिलामेंट बल्ब. तो जोडला की ९० व्होल्ट जागेवर शून्य होतात, कारण त्याचा गरम असतानाचा रेझिस्टन्स २३० चा वर्ग भागिले १००, म्हणजे ५२९ ओहम, आणि थंड असताना त्याचाही दहावा-बारावा भाग, ३२ लाख ओहममधून आलेला करंट त्याच्यापुढे काहीच नाही. खरा व्होल्टेज असता तर बल्ब पेटला असता. म्हणून माझ्या टेबलवर महागडा मीटर असला तरी १०० वॅटचा बल्ब हाताशी असतोच, आणि हल्ली ते बल्ब मिळणं अवघड होत चाललंय, महाराणी रोडला दिसले तर दोन-चार जास्तीचे घेऊन ठेव.

टेस्टरचंही समजून घे कारण त्यावर लोक आंधळा भरोसा ठेवतात. त्याच्या आत छोटा निऑनचा दिवा आणि त्याच्याबरोबर सिरीजमधे दहा लाख ओहमच्या आसपासचा रेझिस्टर असतो. तू मागच्या टोपीवर बोट ठेवतेस तेव्हा करंट टेस्टरमधून, तुझ्या शरीरातून जमिनीला आणि जमिनीतून डीपीच्या न्यूट्रलला परत जातो, मायक्रोअँपिअरमधे असल्यामुळे कळत नाही. प्लास्टिकच्या स्टुलावर चढून लावलास तरी अंधुक पेटतो, कारण तू आणि जमीन मिळूनही एक कपॅसिटरच आहात. म्हणजे टेस्टर पेटला याचा अर्थ "इथे जमिनीच्या मानाने काहीतरी व्होल्टेज आहे" इतकाच, न्यूट्रल धड आहे का, करंट खरंच वाहू शकतो का, हे तो सांगत नाही. आणि पेटला नाही म्हणजे सेफ आहे असंही नाही, निऑन मेलेला असू शकतो, आधी चालू बोर्डावर लावून खात्री करायची मग हात घालायचा.

बल्बचा उपाय सोपा आहे पण आधी वायरमनकडून बघून घे की स्विच फेजमधेच आहेत ना, जुन्या घरात न्यूट्रल तोडलेला सापडतो, तसं असेल तर बल्ब काढताना होल्डरमधे सतत फेज असतो, ते आधी सुधारायचं. ते बरोबर असेल तर होल्डरच्या दोन टोकांमधे ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स-टू क्लासचा, २७५ व्होल्ट एसी लिहिलेला कपॅसिटर लावायचा आणि त्याला समांतर दहा लाख ओहमचा रेझिस्टर. आता एक नॅनोफॅरड आणि शंभर नॅनोफॅरड सिरीजमधे आले, २३० पैकी बल्बच्या वाट्याला जेमतेम सव्वादोन व्होल्ट, बल्ब पूर्ण बंद. साधा सिरॅमिक किंवा पंख्याच्या डब्यातला जुना कपॅसिटर तिथे लावू नकोस, एक्स-टू हा मेन लाइनवर बसण्यासाठीच बनवलेला असतो.

मागच्या महिन्यात जे झालं ते याहून फार गंभीर आहे, आणि यावर मी सगळ्यात जास्त जोर देतोय. तुमच्या घराला थ्री-फेज सर्व्हिस आहे आणि मजले वेगवेगळ्या फेजवर वाटलेत असं दिसतंय, न्यूट्रल सगळ्यांना मिळून एकच. दोन फेजच्या मधे २३० नसतात, २३० गुणिले १.७३२, म्हणजे ४०० व्होल्ट असतात. न्यूट्रल जोपर्यंत डीपीपर्यंत पक्का जोडलेला आहे तोपर्यंत प्रत्येक मजल्याला आपापले २३० मिळतात. तो मीटरच्या आधी कुठे सैल झाला किंवा तुटला की परतीचा रस्ताच गेला, आता करंट एका मजल्यातून न्यूट्रलवर येतो आणि दुसऱ्या मजल्याच्या सामानातून उलटा दुसऱ्या फेजला जातो. दोन्ही मजले ४०० व्होल्टवर सिरीजमधे जोडल्यासारखे झाले!

सोपा हिशोब करू, तिसरा फेज बाजूला ठेवू. खाली तुम्ही १००० वॅटची इस्त्री लावलीय, तिचा रेझिस्टन्स सुमारे ५३ ओहम. वर भाडेकरूंकडे फक्त टीव्ही-राउटर मिळून १०० वॅटचा लोड, सुमारे ५२९ ओहम. ४०० व्होल्टची वाटणी रेझिस्टन्सच्या प्रमाणात, म्हणजे वर ३६४ व्होल्ट आणि खाली ३६. ज्याचा लोड हलका त्याच्या डोक्यावर जास्त व्होल्टेज. म्हणून तुमचे दिवे मंद झाले आणि त्यांचा टीव्ही गेला, दोन्ही एकाच वेळी. टीव्ही, राउटर, चार्जर सगळ्यांच्या आत आधी एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर आणि मग मोठा कपॅसिटर असतो, तो पीकला, म्हणजे लाटेच्या सगळ्यात वरच्या व्होल्टेजला भरतो, २३० चा पीक ३२५, म्हणून त्यावर ४०० किंवा ४५० व्होल्ट लिहिलेलं असतं. ३६४ चा पीक होतो ५१४. कपॅसिटर फुगतो, फुटतो, बरोबर पुढचा आयसी घेऊन जातो. माझ्याकडे असे बोर्ड येतात तेव्हा एकटा कधी येत नाही, त्याच दिवशी त्याच गल्लीतून तीन-चार जणांचे येतात, आणि लोक म्हणतात लाइटचा झटका आला. असला झटका बऱ्याचदा न्यूट्रल तुटल्याचाच असतो.

न्यूट्रल तुटतो कुठे? बहुतेक सांध्यावर. खांबावरून येणारी सर्व्हिस वायर अॅल्युमिनियमची, खाली स्क्रूमधे दाबलेली, अॅल्युमिनियम दाबाखाली हळूहळू पसरतं आणि स्क्रू सैल होतो, वर ऑक्साइडचा थर चढतो तो करंट जाऊ देत नाही. सांध्याचा रेझिस्टन्स फक्त अर्धा ओहम झाला आणि त्यातून दहा अँपिअर गेले तर करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स, ५० वॅटची उष्णता एका स्क्रूच्या टोकावर. माझी रोजची सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची आहे, तिने टिन वितळतं. गीझरचा सॉकेट काळा पडतो, पिन चिकटते, जळक्या प्लास्टिकचा वास येतो तो याच हिशोबाने, तिथे नवा सॉकेट बसवून भागत नाही, वायरीचं टोक कापून ताजं काढून घट्ट बसवावं लागतं.

आता न्यूट्रल ढिला असल्याच्या लक्षणांकडे बघत राहा: दिवे कधी मंद, कधी जास्त उजळ, एका खोलीत मोठं काही चालू केलं की दुसऱ्या मजल्यावर उजेड वाढतो, किंवा सॉकेटच्या दोन्ही होलमधे टेस्टर पेटतो. यातलं काहीही दिसलं तर टीव्ही बंद करून वाट बघत बसू नका, तडक मेन स्विच पाडायचा, वरच्या भाडेकरूंनाही सांगायचं, आणि १९१२ ला फोन लावायचा. मीटरच्या आधीचं सील तोडून कोणी स्वतः हात घालायचा नाही, वायरमननेसुद्धा नाही.

फ्रिजच्या झिणझिण्या. मोटरच्या वाइंडिंगमधून आणि आतल्या फिल्टरच्या कपॅसिटरमधून फ्रिजच्या पत्र्यावर थोडासा करंट नेहमीच झिरपत असतो, तो अर्थच्या तारेने गुपचूप निघून जायला हवा. तार नसेल तर तो पत्र्यावर वाट बघत राहतो आणि तू ओल्या हाताने, अनवाणी, परतीचा रस्ता बनतेस. आत्ता नुसत्या झिणझिण्या आहेत कारण करंट अगदी थोडा आहे. उद्या आत वायर घासून फेज सरळ पत्र्याला लागला तर? तेव्हा १६ अँपिअरची एमसीबी, म्हणजे जास्त करंटला आपोआप पडणारा बोर्डातला स्विच, तुला वाचवणार नाही, ती वायर वाचवण्यासाठी आहे. दहा-पंधरा मिलिअँपिअरला माणसाची मूठ सुटत नाही, एमसीबीच्या दृष्टीने ते काहीच नाही.

अर्थिंग आहे का इतकंच बघून चालत नाही, ते किती ओहमचं आहे तेही बघावं लागतं. अंगणात खड्डा आहे, पाइप आहे, पण त्याचा रेझिस्टन्स ५० ओहम असेल तर फेज पत्र्याला लागल्यावर २३० भागिले ५०, जेमतेम साडेचार अँपिअर जमिनीत जातात, एमसीबी शांत बसते आणि फ्रिजचा पत्रा जिवंत राहतो. आपल्याकडे माळव्याची काळी माती, पावसाळ्यात ओल धरते तेव्हा अर्थिंग छान असतं, आणि उन्हाळ्यात तीच आकसते, भेगा पडतात, पाइपापासून सुटते. म्हणून मार्च ते जून अर्थच्या खड्ड्यात पाणी ओतत राहायचं. जुन्या लोकांच्या कोळसा-मिठाच्या पद्धतीत कोळसा ओल धरून ठेवतो आणि मीठ मातीचा रेझिस्टन्स कमी करतं.

आणि एक गोष्ट जुन्या घरात हमखास सापडते, ती सापडली तर त्याच दिवशी काढून टाकायची. सॉकेटमधे अर्थची तार आलेलीच नसते म्हणून कोणीतरी आतल्या आत न्यूट्रलवरून छोटा तुकडा अर्थच्या पिनला जोडून ठेवतो. टेस्टरला सगळं ठीक दिसतं. पण न्यूट्रल वर कुठे तुटला की त्याच तुकड्यातून फ्रिजच्या, वॉशिंग मशीनच्या पूर्ण पत्र्यावर २३० व्होल्ट येतात, मशीनमधे काहीही बिघाड नसताना. तुमच्याकडे न्यूट्रल आधीच एकदा डगमगलाय, म्हणून हे पहिल्यांदा तपासून घ्या.

आता प्रोजेक्ट, ते लवकर उरकतो कारण उत्तर तुला एव्हाना दिसलं असेल. अर्डुइनोच्या पिनमधून ५ व्होल्ट निघाले, कशाच्या मानाने ५? अर्डुइनोच्या ग्राउंडच्या मानाने. रिलेच्या बोर्डावरचा ट्रान्झिस्टर, बीसी ५४७ असेल, त्याच्या बेसमधून करंट शिरून एमिटरमधून बाहेर पडतो आणि तो अर्डुइनोच्या ग्राउंडला परत जायला हवा. दोन अडॅप्टर, दोन वेगळे ग्राउंड, मधे तार नाही, परतीचा रस्ता नाही, करंट शून्य. दोन्हीचे मायनस एका वायरीने जोड, प्लस जोडू नकोस. रिलेच्या कॉइलवर उलटा डायोड, वन एन ४००७, आहे ना तेही बघ, कॉइल बंद करताना तिच्यातला करंट झटक्यात थांबायला तयार नसतो, डायोड त्याला फिरायला छोटा चौकोन देतो, नाहीतर तो ट्रान्झिस्टर फोडून रस्ता काढतो.

बटणाचं म्हणशील तर तो तुझ्या जिन्यातलाच प्रकार आहे. इनपुट पिन कशालाच जोडलेली नाही, तिचा अडथळा मेगाओहमच्या पटीत, आजूबाजूच्या वायरींचं ५० हर्ट्झ तिच्यावर बसतं आणि अर्डुइनो कधी हाय वाचतो कधी लो. पिनपासून ५ व्होल्टला १० किलोओहमचा रेझिस्टर लाव, बटण पिन आणि ग्राउंडच्या मधे. टेस्ट लॅम्पने जे होल्डरवर केलं तेच काम हा रेझिस्टर इथे करतो, लोंबकळत्या तारेला एक ठिकाण देतो.

आणखी एक, तू पुढच्या सेमिस्टरला पॉवर सप्लाय बनवशीलच. १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घेतला म्हणून १६ व्होल्टचा कपॅसिटर लावू नकोस. १२ हे आरएमएस, म्हणजे एसीचं परिणामी व्होल्टेज आहे, पीक १७, ब्रिज रेक्टिफायरच्या दोन डायोडमधे १.४ गेले तरी साडेपंधरा राहिले, आणि बिनलोडचा छोटा ट्रान्सफॉर्मर १२ ऐवजी १४ देतो, मग तेच अठराच्या वर जातात. २५ व्होल्टचा घे, तोही उलटा बसवू नकोस, पट्टीवर मायनसची खूण असते. आणि पहिल्यांदा चालू करताना सिरीज बोर्डावर लाव, म्हणजे सप्लाय आणि तुझ्या सर्किटच्या मधे तोच १०० वॅटचा बल्ब. आत शॉर्ट असेल तर बल्ब फुल पेटतो, ०.४३ अँपिअरच्या वर काही जात नाही, काही फुटत नाही. मी एकही दुरुस्त झालेला बोर्ड याच्याशिवाय सरळ लाइनवर लावत नाही. प्लेन ब्रेडबोर्डवर मात्र मेन लाइनचं काही करायचं नाही, कधीच नाही, अडॅप्टरच्या पुढचे १२ व्होल्ट खेळायला भरपूर आहेत.

घरात करायचा क्रम असा ठेवा, आधी न्यूट्रल, मग अर्थिंग, आणि मग मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. त्याच्या आत एका रिंगमधून फेज आणि न्यूट्रल दोन्ही जातात, गेलेला आणि आलेला करंट सारखा असेल तर रिंगमधे काहीच उरत नाही, फरक पडला म्हणजे करंट दुसऱ्याच रस्त्याने, कदाचित कोणाच्या तरी अंगातून जमिनीला चाललाय, की सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत तो पाडतो. दोन हातांनी फेज आणि न्यूट्रल दोन्ही धरले तर मात्र त्याला फरक दिसणार नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेव. महिन्यातून एकदा त्याचं टेस्टचं बटण दाबून तो पडतोय ना ते बघायचं. आणि बसवल्याबरोबर सारखा पडायला लागला तर कोणालाही तो काढून टाकू देऊ नका, जुन्या वायरिंगमधे दोन सर्किटचे न्यूट्रल कुठल्यातरी बोर्डात एकत्र बांधलेले असतात, एकीकडून गेलेला करंट आरसीसीबीला चुकवून दुसरीकडून परत येतो, तो बरोबरच पडतोय. वायरमनला एकेक सर्किट सोडवून त्याचा न्यूट्रल वेगळा काढायला लाव, तुमच्यासारख्या तीन मजली घरात त्याला बराच वेळ जाईल, तेवढे पैसे द्या आणि पूर्ण करून घ्या.